ज्याला ‘र’ नीट म्हणता येत नव्हता, तोच टीव्हीवरचा सगळ्यात अस्सल शेरलॉक होम्स ठरला

शेरलॉक होम्स म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यासमोर बेनेडिक्ट कंबरबॅच येतो. कुणाला रॉबर्ट डाऊनी ज्युनिअर आठवतो. पण होम्सची पुस्तकं कोळून प्यायलेल्या एखाद्या माणसाला विचारा, तो बहुतेक तिसरंच नाव घेईल.

जेरेमी ब्रेट.

१९८४ ते १९९४ या दहा वर्षांत इंग्लंडच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने होम्सच्या कथांवर ४१ भाग केले. सगळ्यांमध्ये होम्स एकच, ब्रेट. पडद्यावर तो गुन्हेगाराच्या कायम दोन पावलं पुढे असायचा. पडद्यामागे मात्र तो स्वतःच्याच मनाशी आणि शरीराशी झुंजत होता.

सुरुवातीपासून सांगतो.

३ नोव्हेंबर १९३३ ला इंग्लंडमधल्या वॉरविकशायरच्या बर्क्सवेल गावात त्याचा जन्म झाला. खरं नाव पीटर जेरेमी विल्यम हगिन्स. वडील लष्करात अधिकारी, आई चॉकलेटवाल्या कॅडबरी घराण्यातली. शिक्षण थेट ईटनला. म्हणजे सगळं कसं खानदानी.

पण पोराच्या मागे अडचणी लागलेल्या. डिस्लेक्सियामुळे वाचताना अक्षरांचा गोंधळ व्हायचा. त्यात ‘र’चा उच्चार नीट जमायचा नाही. किशोरवयात त्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढची कित्येक वर्षं तो उच्चारांचे व्यायाम करत राहिला. शाळेच्याच वयात संधिवाताचा ताप आला आणि त्याने हृदयाला कायमची इजा केली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढं सगळं असताना पठ्ठ्याने ठरवलं काय, तर नट व्हायचं.

वडिलांना हे मान्य नव्हतं. नाटकात जायचं तर जा, पण घराण्याचं नाव लावायचं नाही, अशी त्यांची अट. आता नवीन नाव आणायचं कुठून? त्याच्या सुटाच्या आत शिंप्याच्या दुकानाचं लेबल होतं, ‘ब्रेट अँड कंपनी’. त्याने तेच उचललं.

लंडनमध्ये अभिनयाचं शिक्षण घेतलं, १९५४ मध्ये मँचेस्टरच्या रंगमंचावर उभा राहिला. १९५६ च्या ‘वॉर अँड पीस’मध्ये तो ऑड्री हेपबर्नचा भाऊ होता. १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’मध्ये तिच्यावर जीव टाकणारा फ्रेडी झाला. त्याला चांगलं गाता यायचं, तरी त्या सिनेमात त्याचं गाणं दुसऱ्याच गायकाच्या आवाजात आहे. पुढे लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्येही त्याने काम केलं.

गंमत म्हणजे होम्स व्हायच्या आधी तो वॉटसन झाला होता. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला एका नाटकात चार्लटन हेस्टन होम्स होता आणि ब्रेट डॉक्टर वॉटसन.

मग ग्रॅनडाचं बोलावणं आलं. निर्माते मायकल कॉक्स यांचं म्हणणं सरळ होतं, आजवर सिनेमावाल्यांनी होम्सला हवा तसा वाकवला, आपण आर्थर कॉनन डॉयलने लिहिला तसा दाखवायचा. त्यासाठी होम्स कसा बसतो, काय खातो-पितो, कसं बोलतो अशा बारीकसारीक नोंदींची ७७ पानांची फाईलच तयार करण्यात आली. स्ट्रँड मासिकात सिडनी पॅजेटने काढलेली मूळ चित्रं समोर ठेवून प्रसंग उभे केले गेले. जुन्या सिनेमांत वेंधळा झालेला वॉटसन इथे हुशार आणि भरवशाचा मित्र झाला. आधी डेव्हिड बर्क आणि नंतर एडवर्ड हार्डविक यांनी तो उभा केला.

ब्रेट या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. पुस्तक हातात घेऊनच तो सेटवर यायचा. पटकथा मूळ कथेपासून लांब गेली की वाद घालायचा. पावलाचा ठसा बघायचा असेल तर सरळ जमिनीवर झोकून द्यायचा.

मालिका गाजली. रायशेनबाख धबधब्याच्या प्रसंगासाठी टीम थेट स्वित्झर्लंडला जाऊन आली. सगळं जोरात चालू होतं.

आणि जुलै १९८५ मध्ये त्याची बायको जोन विल्सन कॅन्सरने गेली.

ब्रेट आतून मोडला. तशाच अवस्थेत पुढच्या भागांच्या शूटिंगला उभा राहिला. १९८६ मध्ये मात्र त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. निदान झालं मॅनिक डिप्रेशनचं, ज्याला आज आपण बायपोलर डिसऑर्डर म्हणतो. कधी मन प्रचंड उसळीवर, कधी पार तळाला. उपचार होता लिथियम.

लिथियमने मनाचे चढउतार आटोक्यात येतात, पण वजन वाढू शकतं, अंगात पाणी साठू शकतं. ब्रेटच्या बाबतीत दोन्ही झालं. होम्स म्हणजे काटक, धारदार चेहऱ्याचा माणूस. इथे प्रत्येक सीझनला होम्सचा चेहरा सुजत चालला होता. त्यात हृदय लहानपणापासून दुखावलेलं आणि सिगारेटचं व्यसन दांडगं.

याच काळात त्याने एक गोष्ट केली.

मूळ कथांमधला होम्स कोकेनचं इंजेक्शन घेतो. मालिका लहान मुलंही बघतात हे कळल्यावर ब्रेट अस्वस्थ झाला. कॉनन डॉयलची मुलगी जीन हिची परवानगी घेतली गेली आणि १९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’ या भागात होम्स कॉर्नवॉलच्या समुद्रकिनारी आपली सिरिंज वाळूत पुरून टाकतो. मूळ मजकुरासाठी भांडणारा माणूस इथे स्वतःहून बदल मागत होता.

शेवटचा सीझन १९९४ चा. सेटवर त्याला दम लागायचा. एका भागात तर तब्येतीमुळे होम्सला जवळपास बाजूला ठेवावं लागलं आणि तपास त्याचा भाऊ मायक्रॉफ्टकडे गेला. होम्सच्या एकूण ६० कथा-कादंबऱ्या. सगळ्या पडद्यावर आणायचं ब्रेटचं स्वप्न होतं, ते अर्धवट राहिलं.

मानसिक आजार झाकून ठेवायचा तो काळ होता, पण ब्रेट आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलला. १२ सप्टेंबर १९९५ ला लंडनमधल्या राहत्या घरी त्याचं हृदय बंद पडलं. वय होतं फक्त ६१.

त्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे भाग लागोपाठ बघितले तर दोन वेगळी माणसं वाटतात. पहिला चपळ आणि सडसडीत, दुसरा थकलेला, सुजलेला. पण डोळे बघा. समोरच्या माणसाचं खोटं पकडणारी ती नजर शेवटच्या भागापर्यंत तशीच आहे.