सरोजिनीबाईंचा धाकटा भाऊ

'बावर्ची' सिनेमातले ते तिरसट आजोबा आठवतात ना? ते हरींद्रनाथ चट्टोपाध्याय. जन्म १८९८ चा, हैदराबादचा. वडील अघोरनाथ निझाम कॉलेजचे प्राचार्य, आई बंगालीत कविता करायची, थोरली बहीण सरोजिनी नायडू. अशा घरात लिहिणं सोपं, पण स्वतःचं नाव करणं अवघड! तरी विशीतच त्यांचा इंग्रजी कवितासंग्रह निघाला. १९५२ मध्ये विजयवाड्याहून ते लोकसभेवर निवडून गेले. सिनेमात खरे रमले ते साठी उलटल्यावर. 'साहिब बीबी और गुलाम'मधले घडीबाबू, सत्यजित राय यांच्या 'गूपी गाइन बाघा बाइन'मधला जादूगार बर्फी. भूमिका लहान, पण विसरता येत नाहीत. १९९० मध्ये मुंबईत ते वारले. त्यांची इंग्रजी कविता आज फारसं कुणी वाचत नाही; 'आशीर्वाद'साठी लिहिलेलं रेलगाडीचं गाणं मात्र पोरं अजून म्हणतात.