होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लाँ, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक होते.

==संशोधन==
केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. एका ऊर्जावान कणापासून वातावरणात किती इलेक्ट्रॉन निर्माण होतील, याचे गणित त्यात होते. १९४५ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास हा प्रारंभापासूनचा प्रमुख विषय राहिला.

==संगणन==
अशा संशोधनातील आकडेमोड हाताने करणे अशक्य होत गेल्याने संस्थेने स्वतःचा संगणक घडवला. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुण गटाने बांधलेले हे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. वाढत्या कामास ते अपुरे पडू लागल्यावर १९६४ मध्ये अमेरिकी बनावटीचा 'सीडीसी ३६००' संगणक बसवण्यात आला. तो केवळ संस्थेपुरता न ठेवता देशभरातील संशोधकांना खुला करण्यात आला.

==इलेक्ट्रॉनिक्स समिती==
१९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिक्स समितीचे भाभा अध्यक्ष होते. देशाला पुढील दहा वर्षांत लागणाऱ्या संगणकांसह इलेक्ट्रॉनिक्स साधनांचा अंदाज बांधून तिने स्वावलंबनाची शिफारस केली. समितीचा अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विमान अपघातात भाभांचे निधन झाल्याने त्याची अंमलबजावणी त्यांच्या सहकाऱ्यांवर आली.