पक्ष्यांचे पाठीराखे डॉ. सलीम अली

मुलगा पाखरांच्या मागे हिंडू लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, याने पोट भरणार आहे काय? प्रश्न चुकीचा नाही. ज्यांच्या आयुष्यात हा प्रश्न वारंवार उभा राहिला आणि ज्यांनी आपल्या कार्यानेच त्याला उत्तर दिले, त्या डॉ. सलीम अली यांची ओळख आपण करून घेऊ या.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. नऊ भावंडांतील ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी या पोरक्या भाच्याला वाढवले. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातीही छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही वेगळीच चिमणी खाणे आपल्याला चालेल की नाही, अशी शंका घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही पक्षी ओळखेना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड साहेब यांच्याकडे पाठवले. साहेबांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. मुलाची शंका हसण्यावारी न नेणारे दोन वडीलधारे त्या दिवशी भेटले, आणि त्याच्या आयुष्याला दिशा लागली.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. ब्रह्मदेशात घरच्या खाण व लाकडाच्या धंद्यात काही वर्षे काढली, पण तो धंदा बसला. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने हवी ती सरकारी नोकरी मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना माहिती सांगण्याचे काम मिळाले. पुढे रजा घेऊन ते बर्लिनला गेले व प्राध्यापक स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येतात तो जागाच रद्द झालेली!

पती-पत्नी तेव्हा अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागली. तिथे सुगरण पक्ष्यांची घरटी होती. बेकारीचे दिवस रडत न घालवता सलीम अली रोज ती घरटी न्याहाळून टिपणे काढू लागले. त्यांतून मोठी गोष्ट उजेडात आली. नर घरटे अर्धेच विणतो. मादी येऊन ते तपासते व पसंत पडले तरच त्यात राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. नोकरी नसलेल्या माणसाच्या या टिपणांनी त्यांचे नाव जाणकारांत झाले.

नंतर त्यांनी हैदराबादसह अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९३९ साली पत्नीचे निधन झाले. हा घाव मोठा होता, तरी काम थांबले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुबोध पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला.

अभ्यासासाठी सलीम अलींनीही पक्षी मारले, हे लपवण्याचे कारण नाही. पण गरजेपुरता नमुना घेणे वेगळे आणि हौसेखातर संहार करणे वेगळे. राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीवर १९३८ साली व्हाइसरॉयच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर ती जमीन शेतीसाठी मागितली गेली. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत बाजू नेली आणि पाणथळ वाचली. १९८५ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानले. केरळच्या सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचवण्यातही त्यांचा वाटा होता. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्याच सुमारास मिळालेले पन्नास हजार डॉलरचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला दिले. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मित्रहो, काम मात्र संपलेले नाही. भरतपूरला हिवाळ्यात येणारा सायबेरियन क्रौंच २००२ नंतर तिथे दिसलेला नाही. पाणथळ राखली, पण येण्याच्या वाटेवर त्याची शिकार होत राहिली. पक्षी जगवायचा तर त्याचा सारा मुलूख जगवावा लागतो, आणि त्याची सुरुवात आपल्या अंगणापासून होते.

म्हणून गलोल खाली ठेवा. घरट्यातली अंडी-पिल्ले हाताळू नका. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा व ते रोज बदला. वड, पिंपळ, उंबर, पळस अशी आपली झाडे लावा. वठलेले झाड धोक्याचे नसेल तर तसेच राहू द्या, त्याच्या ढोलीत पोपट व पिंगळे संसार मांडतात. एक वही करा. कोणता पक्षी कधी दिसला आणि काय करीत होता, ते तारखेसह लिहा.

आणि पालकहो, उद्या तुमचे लेकरू एखाद्या अनोळखी पाखराविषयी विचारू लागले, तर त्याला गप्प बसवू नका. उत्तर ठाऊक नसेल तर जाणकाराकडे पाठवा. अमीरुद्दीन मामांनी तेवढेच केले होते.