न भरलेली जखम

रुग्णालयांचा आणि आजाऱ्यांचा कैवारी म्हणून जगभरचे कॅथलिक लोक ज्याचे नाव घेतात, तो संत कामिल्लो दे लेल्लिस तरुणपणी पक्का जुगारी होता. संतचरित्र म्हटले की जन्मापासूनच विरक्त असलेला महापुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. हा गृहस्थ त्यांतला नव्हे. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटले त्याचे एक कारण हेही आहे, की त्याच्या आयुष्यात कर्ज, मजुरी आणि पगार ह्या गोष्टी वारंवार येतात.

इटलीतील आब्रुत्सी प्रांतात बुक्कियानिको नावाच्या गावी २५ मे १५५० रोजी त्याचा जन्म झाला. आई उतारवयात बाळंत झाली होती आणि मुलगा मोठा होण्याआधीच ती वारली. बाप पोटासाठी लढणारा शिपाई. मुलानेही तोच मार्ग धरला. तुर्कांशी लढणाऱ्या व्हेनिसच्या फौजेत भरती होण्यासाठी बापलेक निघाले, पण बाप वाटेतच गेला. त्याच सुमारास कामिल्लोच्या घोट्याजवळ एक जखम झाली. ती चिघळली आणि पुढे मरेपर्यंत तिने त्याची पाठ सोडली नाही.

ह्या जखमेपायीच १५७१ साली तो रोमच्या सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाला. असाध्य रोग्यांसाठी असलेले हे रुग्णालय. गाठीला पैसा नसल्याने औषधोपचाराच्या बदल्यात तिथेच नोकर म्हणून राबायचे असे ठरले. पण आजाऱ्यांची सेवा सोडून स्वारी पत्ते कुटत बसे, इतर नोकरांशी भांडणे काढी. शेवटी त्याला हाकलून दिले. पुन्हा शिपाईगिरी, पुन्हा जुगार. १५७४ मध्ये नेपल्सला तो अंगावरच्या सदऱ्यासकट सर्वस्व हरला असे सांगतात. मग मानफ्रेदोनिया येथे कॅपुचिन साधूंच्या मठाचे बांधकाम चालू होते, तिथे तो मजूर म्हणून लागला. १५७५ च्या फेब्रुवारीत तिथेच त्याचे मन पालटले. त्याने साधू होण्याचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याच जखमेने त्याला मठाबाहेर काढले. अशा पायाच्या माणसाला त्या पंथाचे कडक जीवन झेपणारे नव्हते.

म्हणून तो परतला तो सान जाकोमोलाच. ज्या घरातून हाकलले त्याच घरी. ह्या खेपेला मात्र त्याने इतके मन लावून काम केले, की काही वर्षांत तो रुग्णालयाचा कारभारी झाला.

त्या काळच्या रुग्णालयांची कल्पना आपल्याला सहजी येणार नाही. हवा कोंडलेली, अंथरुणे घाणेरडी. सेवक म्हणजे अन्यत्र काम न मिळालेले भाडोत्री लोक. मरणाच्या दारातला माणूस पाणी मागत राही आणि हे दुर्लक्ष करून निघून जात. श्वास पुरता थांबला आहे की नाही हे न पाहता माणसाला पुरायला नेल्याचे प्रकारही घडत. कारभारी कामिल्लोने दम देऊन पाहिला, समजावून पाहिले. पगारासाठी आलेल्या माणसाकडून पगाराइतकेच काम मिळते, कित्येकदा तेवढेही मिळत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. १५८२ साली त्याच्या मनात विचार आला, की वेतनाशिवाय, केवळ प्रेमापोटी आजाऱ्यांची सेवा करणारी माणसे जमवावीत. हा हिशेब आमच्या पाठ्यपुस्तकात बसत नाही, पण त्याचा जमला.

त्यासाठी धर्मगुरू होणे सोयीचे होते. बत्तीस वर्षांचा, साडेसहा फूट उंचीचा म्हणून सांगितला जाणारा हा माजी शिपाई शाळकरी पोरांच्या शेजारी बाकावर बसून लॅटिन शिकू लागला. १५८४ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. १५८६ साली पोप सिक्स्टस पाचवे ह्यांनी त्याच्या मंडळाला मान्यता दिली आणि काळ्या झग्यावर छातीशी तांबडा क्रूस लावण्याची परवानगीही दिली. (आज आपल्याला माहीत असलेली रेडक्रॉस संस्था १८६३ ची. तिच्या निशाणाचा ह्या क्रूसाशी संबंध नाही. तरीही १५९५ पासून ह्या मंडळाचे लोक हंगेरीच्या रणभूमीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत होते, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.) १५९१ मध्ये मंडळाचे रूपांतर पूर्ण संघात झाले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ह्या नेहमीच्या तीन व्रतांना त्यांनी चौथे जोडले: साथीचा रोग असला आणि जिवाला धोका असला तरी आजाऱ्याला सोडायचे नाही. हे व्रत कागदावर राहिले नाही. नेपल्सच्या बंदरात साथीने ग्रासलेल्या जहाजांवर चढून सेवा करताना संघातले काही तरुण दगावले.

ही माणसे रुग्णालयांपुरती थांबली नाहीत. घराघरांतून मरणोन्मुख माणसांच्या उशाशी ती रात्ररात्र बसत, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणत, भोवतालच्या बायकामुलांना धीर देत. लोक त्यांना चांगल्या मरणाचे साधू म्हणू लागले. श्वास थांबल्यासारखा वाटला तरी आणखी किमान पाव तास प्रार्थना चालू ठेवावी, चेहरा लगेच झाकू नये, अशी कामिल्लोची ताकीद होती. माणूस गेला असे समजून उठण्याची घाई करू नये, एवढाच त्या पाव तासाचा अर्थ असेल. मला मात्र त्याच्या साऱ्या नियमांत हा नियम सर्वांत मोठा वाटतो.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही. त्या काळी रोममध्ये आजाऱ्याच्या आत्म्याची काळजी ही सक्तीची बाब होती. तीन दिवसांत ज्याने धर्मगुरूपाशी पापे कबूल केली नाहीत त्याच्याकडे वैद्याने जाणे थांबवावे, असा हुकूम पोप पायस पाचवे ह्यांनी १५६६ साली काढला होता. हे मला पटत नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला असे अडवणे ही कसली माया? गेल्या वर्षी आजीला एका रुग्णालयात ठेवले होते. शेजारच्या खाटेवर एक कन्नड बोलणारी अज्जी होती. कुणीतरी भले गृहस्थ येऊन तिला परलोकाविषयी पुष्कळ सांगून गेले, भाषा कळो न कळो. ते गेल्यावर तिने मला जवळ बोलावले आणि कन्नडमध्ये विचारले, एवढी वेणी घालून देशील का? वेणी घालून होईपर्यंत ती आपल्या गावच्या देवाविषयी बोलत होती.

कामिल्लोच्या संघातला मोठा तंटा नेमका ह्याच मुद्द्यावर झाला हे वाचले तेव्हा मला नवल वाटले. १५९४ च्या सुमारास मिलानच्या मोठ्या रुग्णालयात त्याने आजाऱ्यांची संपूर्ण सेवा अंगावर घेतली. संपूर्ण म्हणजे रात्रंदिवस तिथेच राहून भरवणे, पुसणे, बिछाने बदलणे, घाण उचलणे, सारे काही. संघातल्या अनेक वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. आपण धर्मगुरू, आपले काम आत्म्याचे, झाडलोट नोकरांनी करावी, असे त्यांचे म्हणणे. त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. माणसे थोडी होती, ती मरत होती, संघावर कर्ज वाढत होते. पण कामिल्लो हटला नाही. ज्या हाताने तोंड पुसायचे त्याच हाताने आशीर्वाद द्यायचा, ही दोन कामे वेगवेगळ्या माणसांत वाटता येत नाहीत, असाच त्याचा आग्रह दिसतो. त्याने सेवकांसाठी जे नियम लिहिले त्यांतही प्रत्येकाने आजाऱ्याविषयी आईची माया मनात यावी म्हणून प्रार्थना करावी असे आहे. साडेसहा फुटी शिपायाने आईचा दाखला द्यावा, बापाचा किंवा गुरूचा देऊ नये!

१५९८ च्या डिसेंबरात टायबर नदीला भयंकर पूर आला. सांतो स्पिरितो हे रोमचे मोठे रुग्णालय नदीकाठीच आहे. पाणी आत शिरू लागले तेव्हा कामिल्लो आणि त्याचे सोबती रात्रभर एकेका आजाऱ्याला उचलून वरच्या मजल्यावर नेत होते. त्याचा स्वतःचा एक पाय कसा होता हे वर आलेच आहे.

१६०७ मध्ये त्याने संघाचे प्रमुखपद सोडले. वाद आणि कर्ज दोन्ही होतेच. त्याने स्वतःसाठी मागितले ते पुन्हा रुग्णालयात राबण्याचे काम, आणि शेवटची बरीच वर्षे सांतो स्पिरितोच्या खाटांमध्ये काढली. आता जखमेच्या जोडीला अंतर्गळ होता, मूतखडा होता, अन्न पोटात ठरत नव्हते. स्वतःला उभे राहवत नसताना तो एका खाटेचा आधार घेत दुसऱ्या खाटेकडे जाई, कुणाला काही हवे आहे का ते पाहायला.

१४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी तो वारला. १७४६ साली त्याला संतपद मिळाले, १८८६ मध्ये आजाऱ्यांचा व रुग्णालयांचा कैवारी आणि १९३० मध्ये परिचारकांचाही कैवारी म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. घोट्याजवळची ती जखम शेवटपर्यंत भरली नव्हती.