तेरा वर्षांचा ट्रेक

ट्रेकला निघताना तुमच्या सॅकमध्ये काय काय असतं? पॉवर बँक, मॅगी, रेनकोट, वर मावशीने दिलेले शेंगदाण्याचे लाडू. दिवसात पंधरा किलोमीटर झाले की संध्याकाळी स्टोरीवर फोटो पडतो. आता असा ट्रेक डोळ्यासमोर आणा जो रोज पहाटे कंदिलाच्या उजेडात सुरू होतो, रोज पंधरा-वीस किलोमीटर पुढे सरकतो आणि तेरा वर्षांनी घरी परततो. चालणारा निघतानाच पंचावन्नचा. पोटात अल्सर, म्हणून जेवण म्हणजे थोडं दूध-दही. खिशात पैसे नाहीत, कारण पैसा वापरायचाच नाही असं त्याने ठरवलेलं.

हे विनोबा भावे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असाल तर भूदान, पोचमपल्ली, १९५१ एवढं तुम्हाला पाठ असेल. एका मार्काचा प्रश्न. पण त्यात हा माणूस चालताना दिसत नाही.

जन्म ११ सप्टेंबर १८९५चा, पेणजवळच्या गागोद्याचा. शिक्षण बडोद्यात. १९१६मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाले आणि मध्येच सुरतला उतरून थेट काशीला गेले. (घरी सांगून बघा एकदा!) दाखले त्याआधीच चुलीत घातले होते. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात पोहोचले. पुढे वर्षभराची सुट्टी घेऊन वाईला संस्कृत शिकले आणि महाराष्ट्रात सुमारे ४०० मैल पायी हिंडले. त्या भटकंतीत रायगड, सिंहगड, तोरणाही होते. म्हणजे आज आपण वीकेंडला जिथे जातो, तिथे हे शंभर वर्षांपूर्वी जाऊन आलेत, वाटेत गीतेवर प्रवचनं देत.

मग वर्धा, तुरुंगवास, गीताई, पवनार. १९४०मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांनाच निवडलं. हे सगळं भराभर सांगतोय, कारण मला पोहोचायचंय ते मार्च १९५१ला.

हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. विनोबांनी यावं असा आग्रह झाला, तेव्हा ते पायीच निघाले. सुमारे ३०० मैल, एक महिना. तेव्हा तेलंगणात जमिनीवरून रक्त सांडत होतं. एकीकडे कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा, दुसरीकडे जमीनदार आणि पोलीस. विनोबा त्याच भागात चालत गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करू, असं सांगता आलं असतं. विनोबांनी समोर जमलेल्या गावालाच विचारलं. रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि १०० एकर देतो म्हणाले. पुढचे एक्कावन्न दिवस चालून जमले १२ हजार एकरांहून जास्त.

इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. परतीच्या वाटेवर जूनमध्ये विनोबा वरोऱ्यात थांबले. तिथे बाबा आमटे नावाचा तरुण वकील बायको, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी आणि एक लंगडी गाय घेऊन दगडधोंड्यांच्या माळावर येऊन राहिला होता. त्या माळाचं, म्हणजे आनंदवनाचं, उद्घाटन विनोबांच्या हस्ते झालं. चंद्रपूर ते वरोरा एसटीने तासाभराचा रस्ता. विनोबांच्या चालीने तीन मुक्काम.

सप्टेंबरमध्ये ते परत निघाले, दिल्लीकडे. मग उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशा, दक्षिण, काश्मीर, आसाम. पहाटे तीनला उठायचं, प्रार्थना करून चालायला लागायचं, ऊन चढायच्या आत पुढचं गाव गाठायचं, दुपारी सभा घ्यायची आणि लवकर झोपायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. १९६४च्या एप्रिलमध्ये पवनारला परतले, तेव्हा ४० लाख एकरांहून जास्त जमीन कागदावर आली होती.

कागदावर हा शब्द मुद्दाम वापरलाय. त्यातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही कोर्टकचेरीत अडकली, काही भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. विनोबा दान घेऊन पुढच्या गावाला जायचे. मागे मोजणी, वाटप, सातबारा सांभाळायला पुरेशी माणसं नव्हती. आणीबाणीत त्यांनी सरकारविरुद्ध ठाम भूमिका घेतली नाही, ही टीकाही आजवर होते आणि मला ती चुकीची वाटत नाही. १५ नोव्हेंबर १९८२ला पवनारला त्यांनी अन्नपाणी सोडून देह ठेवला. चांद्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा तेव्हा तीन महिन्यांचाही नव्हता.

त्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा हे गोंड गाव आहे. भूदानाची पुढची पायरी ग्रामदान: जमीन गावाच्या मालकीची, कसणार मात्र ज्याची तोच, आणि गावाबाहेरच्याला विकायची नाही. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४मध्ये कायदा केला. विनोबांना जाऊन तीस वर्षं उलटल्यावर, २०१३मध्ये, मेंढा-लेखाच्या लोकांनी त्याच कायद्याखाली आपली खासगी जमीन ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं. तेही एकमताने, बैठकांमागून बैठका घेऊन.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलात की तीसेक किलोमीटरवर हे गाव येतं. पायी जाणार असाल तर वाटेत एक मुक्काम धरा, आणि निघा पहाटेच.