दस्तयेव्हस्कीला निदान मिळायला दहा वर्षे लागली

फ्योदोर दस्तयेव्हस्की हा रशियन कादंबरीकार जगाला माहीत आहे तो 'गुन्हा आणि शिक्षा' आणि 'कारामाझोव्ह बंधू' या पुस्तकांमुळे. आम्हा डॉक्टरांना तो आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. त्याला अपस्मार होता, म्हणजे फिट येण्याचा आजार. पत्रांतून, टिपणांतून आणि कादंबऱ्यांतून त्याने या आजाराबद्दल इतके लिहून ठेवले आहे की आजही त्यावर वैद्यकीय चर्चा होते. मात्र या आजाराचे नाव त्याला पस्तिशीत कळले. त्याआधीची दहा वर्षे आजच्या पालकांनी आणि तरुणांनी समजून घ्यावीत अशी आहेत.

दस्तयेव्हस्कीचा जन्म १८२१ मध्ये मॉस्कोत झाला. वडील गरिबांच्या रुग्णालयात डॉक्टर होते. मुलाला त्यांनी पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात घातले, पण त्याचा ओढा लेखनाकडे होता. १८४६ मध्ये पहिली कादंबरी आली आणि पंचविशीच्या आतच त्याचे नाव झाले. त्याच सुमारास प्रकृतीच्या तक्रारी सुरू झाल्या. चक्कर, छातीत धडधड, झोप न लागणे, विचित्र भीती. डॉ. यानोव्हस्की हे तरुण डॉक्टर त्याच्यावर उपचार करू लागले आणि त्याचे मित्रही झाले.

जुलै १८४७ मध्ये भर चौकात दस्तयेव्हस्कीला झटका आला. योगायोगाने यानोव्हस्की तिथे पोहोचले. चेहरा पांढराफटक, नाडी जोरात, अंगाला हलके आचके. त्यांनी त्याला घरी नेले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे शीर कापून रक्त काढले. हा अपस्मारच होता, असे यानोव्हस्कींनी पुढे लिहिले. दस्तयेव्हस्की मात्र त्याला गमतीचे नाव देऊन विषय टाळत असे. वय तरुण, रात्रीची जागरणे, पैशाची ओढाताण. नसांचा अशक्तपणा, कामाचा ताण, हे स्पष्टीकरण सगळ्यांनाच सोयीचे होते.

तुरुंगातली चार वर्षे

एप्रिल १८४९ मध्ये सरकारविरोधी मंडळात बसल्याबद्दल त्याला अटक झाली. डिसेंबरात फाशीच्या मैदानावर उभे करून, बंदुका रोखल्या गेल्यावर शिक्षा बदलल्याचे सांगण्यात आले. मग सैबेरियातल्या ओम्स्क येथे चार वर्षे सक्तमजुरी. पुढे त्याच्या फौजी डॉक्टरने दिलेल्या प्रमाणपत्रात पहिल्या झटक्याचे साल १८५० असे आहे आणि वर्णन नेमके आहे: किंकाळी, शुद्ध हरपणे, चेहऱ्याला व हातापायांना झटके, तोंडाला फेस, घरघरणारा श्वास, आणि नंतर गळून जाणे. आजच्या कोणत्याही डॉक्टरला हे वाचून आजार ओळखता येईल.

तरीही डॉक्टर त्याला सांगत राहिले की हे मज्जातंतूंचे झटके आहेत, राहणीमान बदलले की जातील. फेब्रुवारी १८५७ मध्ये त्याने मारिया इसायेवा या विधवेशी लग्न केले. नवदांपत्य परत निघाले असताना बार्नाऊल गावी मित्राच्या घरी त्याला मोठी फिट आली. बायको भेदरून गेली. तिथल्या डॉक्टरांना त्याने खरे काय ते सांगण्याची गळ घातली, तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की हा खराखुरा अपस्मार आहे. त्याने भावाला कळवले की हे आधी ठामपणे माहीत असते तर लग्नच केले नसते.

आपल्याकडे याच्या उलट घडते. घरच्यांना आजार माहीत असतो, पण लग्न जमेपर्यंत लपवला जातो, आणि लपवण्यासाठी गोळ्या बंद केल्या जातात. लग्नाची जागरणे आणि बंद केलेल्या गोळ्या, या दोन्हींमुळे नेमकी तेव्हाच फिट येते. अपस्मार असलेली माणसे लग्न करतात, त्यांना निरोगी मुले होतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाला अडचण मानणारी तरतूद होती, तीही १९९९ मध्ये काढून टाकली गेली.

घरच्यांनी काय पाहावे

निदान सर्वांत जास्त अवलंबून असते ते पाहणाऱ्याच्या वर्णनावर. रुग्णाला स्वतःला काहीच आठवत नाही. म्हणून डॉक्टरकडे जाताना झटका पाहिलेल्या माणसाला बरोबर न्या आणि शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. किती वेळ चालला, सुरुवात एका बाजूने झाली का, डोळे उघडे होते का, नंतर भानावर यायला किती वेळ लागला, हे सांगा.

प्रत्येक फिट धाडकन पडूनच येते असे नाही. कॉलेजातल्या मुलाच्या हातातून सकाळी उठल्या उठल्या चहाचा कप झटक्याने पडतो, विशेषतः जागरणानंतर. कुणी बोलता बोलता काही क्षण शून्यात पाहते, ओठ चाटते, कपडे चाळवते. कुणाला अचानक विचित्र वास येतो किंवा पोटातून भीतीची लाट वर येते. दस्तयेव्हस्कीला झटक्याच्या आधी काही क्षण अपार आनंद होत असे. 'इडियट' कादंबरीतल्या प्रिन्स मिश्किनला त्याने तोच अनुभव दिला आहे. त्याचे अनेक झटके रात्री झोपेत येत. सकाळी जीभ चावलेली, अंथरूण ओले, अंग ठेचल्यासारखे दुखत असेल तर रात्री फिट येऊन गेली असावी अशी शंका घ्यावी.

साधी भोवळ वेगळी असते. उभे असताना, उकाड्यात, उपाशीपोटी डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवे होताच माणूस लवकर सावध होतो. फिटनंतर बराच वेळ गोंधळलेपण राहते. एक फिट म्हणजे अपस्मारच असेही नाही. साखर किंवा सोडियम कमी होणे, दारू एकदम सोडणे, मेंदूतला संसर्ग यांनीही ती येते. आपल्याकडे फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी हे एक मोठे कारण आहे. म्हणून पहिल्या फिटनंतरही तपासणी हवीच: रक्त, ईईजी आणि बहुतेकदा एमआरआय. ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही.

अ‍ॅनाने जे केले

मारिया १८६४ मध्ये वारली. १८६७ मध्ये दस्तयेव्हस्कीने अ‍ॅना स्नितकिना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेशी लग्न केले. काही दिवसांतच बहिणीच्या घरी तिच्यासमोर त्याला फिट आली. बाकीचे घाबरले. तिने त्याला हळूच जमिनीवर निजवले, भोवतालच्या वस्तू बाजूला केल्या आणि डोके मांडीवर धरून बसली. आजही पहिला उपचार जवळपास हाच आहे. भर एवढीच की आचके थांबताच कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, वेळ मोजा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका.

फिट पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर तडक रुग्णालयात न्या. दस्तयेव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा १८७८ मध्ये, तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, तासन्‌तास न थांबलेल्या फिटने गेला. पहिल्या डॉक्टरांनी काळजीचे कारण नाही असे सांगितले होते. आपला आजार मुलात उतरला, हे दुःख दस्तयेव्हस्कीला शेवटपर्यंत जाळत राहिले.

बार्नाऊलमध्ये त्याला निदान मिळाले त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रोमाइड हे पहिले उपयोगी औषध पुढे आले. फेनोबार्बिटल यायला १९१२ उजाडले आणि माणसाच्या मेंदूचा विद्युत आलेख पहिल्यांदा १९२४ मध्ये निघाला. दस्तयेव्हस्की १८८१ मध्ये फुप्फुसातल्या रक्तस्रावाने वारला, तोपर्यंत झटके येतच राहिले. प्रत्येकानंतर काही दिवस उदासी आणि विसराळूपणा. लिहून झालेल्या कादंबरीतली पात्रेही आठवत नसत, पुन्हा वाचावी लागत. त्यातच त्याने 'कारामाझोव्ह' पूर्ण केली.

आज दहापैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट औषधांनी आटोक्यात येतात आणि नेहमीची औषधे सरकारी रुग्णालयांतही मिळतात. त्यासाठी वेळेवर झोप आणि न चुकता गोळ्या हव्यात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवायच्या नाहीत. मुलींनी लग्नाचा किंवा मुलाचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण काही औषधे गर्भाला घातक असतात. निदान होईपर्यंत गाडी चालवणे, विहिरीत वा नदीत पोहणे आणि उंचावर चढणे टाळावे. घरातल्या तरुण मुलाला एकदा जरी असे काही झाले असेल, तर ताण म्हणून सोडून देऊ नका. पाहणाऱ्याला घेऊन या आठवड्यातच डॉक्टरकडे जा.