एरिक लिडेल : रविवारी न धावलेला धावपटू

गावात क्रिकेटचे सामने लागले, की रविवारी सकाळच्या मिस्साला तरुणांचे बाक निम्मे रिकामे दिसतात. क्लासची परीक्षाही बऱ्याचदा नेमकी रविवारी सकाळीच ठेवलेली असते. मग घरोघरी तोच वाद. आईला आधी मिस्सा हवी असते आणि मुलाला एका रविवाराने काही बिघडत नाही असे वाटते. अशा वेळी एरिक लिडेल या धावपटूचे नाव हमखास निघते. प्रवचनात आपण त्यांच्याविषयी ऐकले असेल, काहींनी त्यांच्यावरचा चित्रपटही पाहिला असेल. रविवारी धावायचे नाही म्हणून ज्याने ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तो हा माणूस. परंतु त्यांच्या आयुष्यात आणखी एक रविवार आला होता. त्याची हकीकत फारशी सांगितली जात नाही. आज आम्हांला या दोन्ही रविवारांविषयी सांगायचे आहे.

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएनत्सिन (आजचे तिआनजिन) येथे झाला. वडील जेम्स आणि आई मेरी हे लंडन मिशनरी सोसायटीचे स्कॉटिश मिशनरी. त्या काळी मिशनऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला एक मोठे दुःख येत असे. शिक्षणासाठी त्यांना मायदेशी निवासी शाळेत ठेवून आईवडील पुन्हा कामावर जात. एरिक सहा वर्षांचा असताना त्याला आणि थोरल्या रॉबला लंडनमधील अशाच एका शाळेत घालण्यात आले. पुढे आईवडील चीनला परतले. त्यानंतर वर्षानुवर्षे भेट नाही, केवळ पत्रे! एवढ्याशा मुलाने रात्री उशीत तोंड खुपसून किती अश्रू ढाळले असतील, याची आईबापांना कल्पना करता येईल. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण शेवटी ती पुन्हा येणार आहे.

१९२० साली एरिक विज्ञान शिकण्यासाठी एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचा वेग सर्वांच्या नजरेत भरला. रग्बीत त्यांनी १९२२ आणि १९२३ या दोन वर्षांत स्कॉटलंडतर्फे सात आंतरराष्ट्रीय सामने खेळले. जुलै १९२३ मध्ये लंडनच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १०० यार्डांची शर्यत ९.७ सेकंदांत जिंकली. हा ब्रिटिश विक्रम पुढे ३५ वर्षे टिकला. त्यांची धावण्याची ढब मात्र अगदी वेडीवाकडी होती. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, हात चक्कीसारखे फिरणारे. जाणकार हसत, पण फीत तेच आधी तोडत. त्याच महिन्यात स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत ते सुरुवातीलाच धक्का लागून पडले. उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे गेले होते. तरीही ते उठून धावले आणि पहिले आले.

एप्रिल १९२३ मध्ये आर्मडेल या खाणकामगारांच्या गावी त्यांना प्रथमच श्रद्धेविषयी जाहीरपणे बोलण्याचे आमंत्रण मिळाले. स्वभाव लाजाळू, वक्तृत्व बेताचे. तरीही ते गेले आणि साध्या शब्दांत बोलले. त्यानंतर खेळ आणि श्रद्धा ही दोन्ही त्यांच्या आयुष्यात हातात हात घालून चालली.

१९२४ चे ऑलिम्पिक पॅरिसला होते. ब्रिटनला १०० मीटरच्या सुवर्णपदकासाठी लिडेल यांच्याकडून मोठी आशा होती. परंतु वेळापत्रक जाहीर झाले तेव्हा त्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी, ६ जुलै रोजी असल्याचे दिसले. एरिक यांनी शांतपणे नकार कळवला. स्कॉटलंडमधील त्यांच्या पंथात रविवार हा सर्वस्वी प्रभूचा दिवस मानला जाई आणि त्या दिवशी खेळ वर्ज्य असे. चित्रपटात त्यांना ही बातमी जहाजावर चढताना समजते असे दाखवले आहे. प्रत्यक्षात ती काही महिने आधीच समजली होती. आम्हांला वाटते, त्यामुळे त्यांचा निर्णय अधिकच कठीण ठरतो. क्षणाच्या भरात नाही म्हणणे सोपे. काही महिने रोज लोकांचे टोमणे ऐकत त्या नकारावर ठाम राहणे सोपे नाही. वर्तमानपत्रांनी टीका केली. देशापेक्षा स्वतःचे मत मोठे मानणारा माणूस, असा ठपका त्यांच्यावर आला. रविवारी धावावे लागणार म्हणून त्यांनी दोन्ही रिले शर्यतींतूनही नाव मागे घेतले. त्या शर्यतींत ब्रिटनला रौप्य आणि कांस्यपदके मिळाली. म्हणजे हातची पदकेही त्यांनी सोडली होती.

मग त्यांनी २०० आणि ४०० मीटर या शर्यतींची तयारी केली. ४०० मीटर हे काही त्यांचे हुकमी अंतर नव्हते. जूनमध्ये त्यांनी ४४० यार्डांची राष्ट्रीय शर्यत जिंकली, पण तिला ४९.६ सेकंद लागले होते. ६ जुलैला पॅरिसमध्ये १०० मीटरच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा एरिक उपासनेला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच सहकारी हॅरोल्ड अब्राहम्स याने ती शर्यत जिंकली. ९ जुलैला २०० मीटरमध्ये एरिक यांना २१.९ सेकंदांसह कांस्यपदक मिळाले.

शुक्रवार, ११ जुलै रोजी कोलोंब मैदानावर ४०० मीटरची अंतिम फेरी झाली. अमेरिकेच्या होरेशियो फिच याने त्याच दिवशी उपांत्य फेरीत ४७.८ सेकंदांची वेळ दिली होती. एरिक यांच्या वाट्याला सर्वांत बाहेरची लेन आली. या लेनमध्ये बाकीचे सारे मागे असतात, त्यामुळे कोण किती जवळ आले हे समजत नाही. संघाच्या मालीशवाल्याने त्यांच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. तिच्यात शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील वचनाची आठवण होती, की जो देवाचा मान राखतो त्याचा मान देव राखतो. शर्यतीआधी स्कॉटिश पलटणीच्या वादकांनी बॅगपाइपही वाजवले.

त्या काळी ४०० मीटर धावताना अर्धा दम राखून ठेवण्याची रीत होती. एरिक मात्र पहिल्या पावलापासून सुसाट सुटले. पहिले २०० मीटर त्यांनी २२.२ सेकंदांत कापले. दोनच दिवसांपूर्वी २०० मीटरच्या स्वतंत्र शर्यतीत त्यांना जेवढा वेळ लागला, त्याच्यापेक्षा हा वेळ जेमतेम तीन दशांश सेकंदांनी जास्त होता. आता हा गळून पडणार असे पाहणाऱ्यांना वाटले. पण शेवटच्या टप्प्यात मान मागे गेली, तोंड उघडले आणि अंतर उलट वाढतच गेले. वेळ लागला ४७.६ सेकंद. नवा ऑलिम्पिक विक्रम! फिच ४८.४ सेकंदांसह दुसरा आला, तर ब्रिटनचाच गाय बटलर तिसरा. आठवडाभरात एरिक यांना विद्यापीठाची पदवी मिळाली, तेव्हा कुलगुरूंनी त्यांच्या डोक्यावर पानांचा मुकुट घातला आणि विद्यार्थ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवणूक काढली.

येथे बहुतेकदा ही गोष्ट संपवली जाते. देवाचा मान राखला, देवाने सुवर्णपदक दिले, असा तिचा अर्थ लावला जातो. आम्हांला तो अपुरा वाटतो. कारण पदक मिळाले नसते तरी रविवारचा तो निर्णय तेवढाच खरा ठरला असता. शिवाय त्यांचे पुढचे आयुष्य पाहिले, तर तेथे बक्षिसांची रास मुळीच दिसत नाही.

१९२५ साली, वयाच्या २३ व्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना एरिक चीनला गेले. तिएनत्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात ते विज्ञान आणि खेळ शिकवू लागले. १९२८ चे ऑलिम्पिक भरले तेव्हा ते वर्गात खडू घेऊन उभे होते. १९३२ साली त्यांना धर्मसेवेची दीक्षा मिळाली. १९३४ साली कॅनडातील मिशनरी कुटुंबातल्या फ्लॉरेन्स मॅकेन्झी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केली. त्या धुमश्चक्रीत एरिक शहर सोडून शिआओचांग या खेड्यात गेले. त्यांचा भाऊ रॉब तेथील मिशन हॉस्पिटलात डॉक्टर होता. एकदा एका देवळात पडलेल्या जखमी माणसाला ते हातगाडीवरून आणत होते. वाटेत आणखी एकाविषयी समजले. जपानी सैनिकाच्या तलवारीचा वार मानेवर बसूनही तो जिवंत होता. एरिक यांनी दोघांनाही गाडीवर घालून हॉस्पिटलात पोहोचवले. मानेवर वार झालेला तो माणूस चित्रकार होता. बरा झाल्यावर त्याने कृतज्ञतेने त्यांना फुलांचे एक चित्र काढून दिले.

१९४१ साली परिस्थिती बिघडली. एरिक यांनी गरोदर पत्नीला आणि दोन लहान मुलींना कॅनडाला पाठवले आणि स्वतः कामासाठी मागे राहिले. तिसरी मुलगी कॅनडात जन्मली. तिला पाहण्याचे भाग्य त्यांना कधीच लाभले नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्यांना शांतुंग प्रांतातील वेइशिएनच्या छावणीत डांबले. पूर्वीच्या एका मिशनच्या आवारात सुमारे दीड हजार माणसे कोंबलेली होती. सुरुवातीच्या महिन्यांत त्यांत आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे सुमारे चारशे फादर, ब्रदर आणि सिस्टरही होते. ट्रॅपिस्ट फादर स्कॅनलन हे भिंतीपलीकडच्या चिनी शेतकऱ्यांकडून चोरून अंडी आणत आणि छावणीतल्या लोकांना पुरवत. पकडले गेल्यावर त्यांना एकांतवासाची शिक्षा झाली. मौनाचे व्रत पाळणाऱ्या संन्याशाला एकांताची शिक्षा, म्हणून सारी छावणी हसली होती! कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तेथे एकाच रांगेत पाण्याच्या बादल्या घेऊन उभे राहत.

याच छावणीत चीफू येथील मिशनरी शाळेची मुले आणली गेली. त्यांतील अनेकांचे आईवडील दूर होते आणि वर्षानुवर्षे भेट नव्हती. सहा वर्षांच्या एरिकचे दुःख आता या मुलांच्या वाट्याला आले होते. एरिक त्यांचे अंकल एरिक झाले. पहाटे शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यावर त्यांची बायबलवाचन आणि प्रार्थना चाले. दिवसा ते प्रयोगशाळेतील उपकरणांची चित्रे काढून विज्ञान शिकवत. म्हाताऱ्यांसाठी कोळसा वाहत. ज्या एका स्त्रीशी छावणीतील सभ्य लोक बोलणे टाळत, तिच्या खोलीत त्यांनी फळी ठोकून दिली आणि बदल्यात काहीही मागितले नाही. मोडलेल्या हॉकी स्टिक ते चादरीच्या पट्ट्या गुंडाळून दुरुस्त करत.

आता दुसऱ्या रविवाराविषयी. एरिक छावणीतील मुलांचे सामने भरवत, पण रविवारी नाही. हा नियम सर्वांना माहीत होता. मुलांना मात्र रविवार मोठा कंटाळवाणा वाटे. एका रविवारी त्यांनी आपणच हॉकीचा सामना लावला. पंच कोणी नव्हता. खेळाचे भांडण झाले आणि भांडणाची मारामारी झाली. एरिक यांनी त्यावर विचार केला. त्यांना मुलांना नियमभंगाबद्दल झोडपता आले असते, किंवा आपला रविवार पाळून गप्प बसता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. पुढच्या रविवारी ते स्वतः शिटी घेऊन मैदानात उतरले आणि पंच म्हणून उभे राहिले.

सुवर्णपदकासाठी त्यांनी रविवार सोडला नव्हता. आईबापांवाचून राहणाऱ्या मुलांसाठी मात्र त्यांनी रविवारी मैदानात पाऊल टाकले. शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, ही प्रभू येशूची शिकवण त्यांनी प्रवचनात नव्हे, मैदानात जगून दाखवली. नियम तोच होता. पॅरिसमध्ये तो मोडून लाभ स्वतःचा झाला असता, छावणीत लाभ मुलांचा होता. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

मुलांना ते डोंगरावरचे प्रवचन शिकवत आणि पहाऱ्यावरच्या जपानी सैनिकांसाठी प्रार्थना करण्यास सांगत. स्टीफन मेटकाफ या मुलाला त्यांनी हिवाळ्यात आपले झिजलेले धावण्याचे बूट दिले. युद्ध संपल्यावर हाच मुलगा मिशनरी होऊन जपानला गेला.

१९४५ च्या सुरुवातीला एरिक यांची प्रकृती ढासळली. डोके सतत दुखे, मन उदास होई. कामाचा ताण असेल असे सर्वांना वाटले. श्रद्धा असूनही ही उदासी का, हा प्रश्न त्यांनाही छळत असे. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, छावणीच्या हॉस्पिटलात त्यांनी प्राण सोडला. मेंदूत गाठ होती, हे नंतर समजले. कबरीवरच्या लाकडी क्रुसावर नाव लिहायला रंग नव्हता, म्हणून ते बुटाच्या पॉलिशने लिहिले गेले. सहा महिन्यांनी, १७ ऑगस्टला छावणी मुक्त झाली. १९८१ साली त्यांच्या ऑलिम्पिकवर चॅरिअट्स ऑफ फायर हा चित्रपट निघाला, आणि १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने त्या छावणीच्या जागी स्कॉटलंडच्या ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ उभारला.

बंधुभगिनींनो, रविवारी खेळूच नये असे आपली ख्रिस्तसभा सांगत नाही. मिस्सात सहभागी व्हावे, विश्रांती घ्यावी, घरच्यांना आणि गरजूंना वेळ द्यावा, असे ती सांगते. मिस्सा आटोपून मुलांनी बॅट हाती घेतली, तर त्यात वावगे काही नाही. पण मिस्सा सोडण्याची वेळ आली, की आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. हा रविवार मी कोणासाठी सोडतो आहे? बक्षिसासाठी आणि गुणांसाठी, की आजारी शेजाऱ्याच्या उशाशी बसण्यासाठी? आणि हा प्रश्न आम्हां मोठ्यांनाही लागू आहे. मिस्सा चुकवणाऱ्या मुलांना आपण बोल लावतो खरे, पण त्यांच्या मैदानात शिटी घेऊन उभे राहायला आपल्यापैकी कितीजण तयार आहेत? सामन्यांची वेळ मिस्सानंतरची ठरवून, पंच म्हणून आपणच गेलो तर? एरिक लिडेल यांच्या पहिल्या रविवाराचे आपण कौतुक करतो. त्यांचा दुसरा रविवारही आपल्याला जगता यावा, अशी प्रभूचरणी प्रार्थना.